शून्य क्रमांकाचे दार

संगणकाची एखादी भाषा नव्याने शिकू लागलेला मनुष्य पहिल्या दिवशी यंत्राकडून पडद्यावर एक अभिवादन उमटवून घेतो, त्याला ते एका ओळीत साधते, आणि या यशाने हुरूप येऊन दुसऱ्या दिवशी तो यंत्राने आपले नाव विचारावे व आपण दिलेले नाव परत म्हणून दाखवावे, एवढीच माफक अपेक्षा धरून बसतो. परंतु काल एका ओळीत आटोपलेले काम आज सात-आठ ओळींवर जाते, त्यात भलभलत्या शंका उपस्थित होतात, आणि बोलण्यापेक्षा ऐकणे इतके अवघड का असावे, या प्रश्नाने तो बुचकळ्यात पडतो. पायथॉनसारख्या सौम्य प्रकृतीच्या भाषा ही अडचण दृष्टीआड ठेवतात. सी किंवा रस्ट यांची गोष्ट निराळी आहे. या भाषांत ऑपरेटिंग सिस्टिमच लिहिल्या जातात, त्यांचा यंत्राच्या स्मृतीशी थेट व्यवहार असतो, आणि म्हणून आलेला मजकूर कोठे ठेवायचा, त्यासाठी जागा किती राखायची, ती अपुरी पडली तर काय करायचे, हे सगळे लिहिणाऱ्यालाच सांगावे लागते.

याचे कारण फार खोल नाही. बोलणाऱ्याला आपले बोलणे केवढे आहे हे अगोदर ठाऊक असते. ऐकणाऱ्याला समोरचा किती बोलणार, कोठे थांबणार, आणि मध्ये शांत झाला तर त्याचे बोलणे संपले की तो नुसता दम खातो आहे, यातले काहीच ठाऊक नसते. बाहेरून येणारा मजकूर वाचण्याची म्हणून जी जी योजना आजवर झाली, तिच्यातील साऱ्या खुब्या आणि साऱ्या चुका या एका अज्ञानातून निघाल्या आहेत.

न्यू जर्सी संस्थानातील मरे हिल येथे बेल प्रयोगशाळा होती. तेथे १९६९ साली केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी पीडीपी-७ नावाच्या, त्या काळीही जुनाट मानल्या गेलेल्या, एका लहानशा यंत्रावर युनिक्सची उभारणी सुरू केली. पुढील तीन-चार वर्षांत रिची यांनी सी ही भाषा घडवली, आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात तो, याच भाषेत नव्याने लिहिला गेला. या व्यवस्थेत एक शिरस्ता असा पडला की कोणताही प्रोग्रॅम चालू झाला की त्याच्यासाठी काही दारे आधीच उघडून ठेवलेली असावीत आणि त्यांना नावांऐवजी नुसते क्रमांक असावेत. शून्य क्रमांकाच्या दाराने मजकूर आत यायचा, एक क्रमांकाच्या दाराने बाहेर जायचा. दोन क्रमांकाचे दार मागाहून आले. चुकांच्या तक्रारी आणि खरा निकाल एकाच दाराने बाहेर पडून एकमेकांत मिसळू लागल्यावर तक्रारींसाठी ते वेगळे काढावे लागले. शून्य क्रमांकाच्या दाराला स्टँडर्ड इनपुट म्हणतात. त्याला 'प्रमाण आदान' असा भारदस्त प्रतिशब्द करता येईल, पण मला मात्र आपल्या सरकारी कचेरीतील बारनिशीचाच दाखला अधिक चपखल वाटतो. बारनिशीचा कारकून आलेला कागद आवक नोंदवहीत चढवतो. तो टपालाने आला, शिपायाने आणला की खुद्द अर्जदारच घेऊन उभा आहे, याने नोंदीच्या पद्धतीत फरक पडत नाही, आणि आतल्या टेबलावरच्या माणसाला तर त्याची वार्ताही नसते.

प्रोग्रॅमला आपला मजकूर कोठून येतो हे कळू नये, ही कल्पना आज इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यातले नावीन्य लक्षात येत नाही. त्याच काळात आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर काम करणाऱ्याला आपला प्रोग्रॅम कोणकोणत्या फायलींना हात लावणार, हे कामाबरोबर जोडलेल्या स्वतंत्र पत्रांवर विशिष्ट परिभाषेत आगाऊ जाहीर करावे लागे, आणि ती पत्रे लिहिणे हा स्वतंत्र विद्येचा विषय होऊन बसला होता. बेल प्रयोगशाळेतील डग मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ रोजी, म्हणजे युनिक्सचा जन्म होण्याच्याही पाच वर्षे आधी, एका टिपणात अशी इच्छा व्यक्त केली होती की बागेत पाणी घालण्याच्या नळीला जशी दुसरी नळी जोडता येते तसे प्रोग्रॅम एकमेकांना जोडता यावेत. त्यांनी या गोष्टीचा पिच्छा सोडला नाही. अखेर १९७३ साली टॉम्प्सन यांनी एका रात्रीत ती सोय कर्नलमध्ये घातली. तिलाच आज पाइप म्हणतात. मात्र पाइप घातल्यावर असे दिसून आले की कित्येक प्रोग्रॅम शून्य क्रमांकाच्या दाराकडे पाहतच नव्हते, फायलीचे नाव दिल्याखेरीज ते कामालाच लागत नसत. तेव्हा ते एकेक करून दुरुस्त केले गेले, आणि 'नाव दिले नसेल तर समोर जे येईल ते वाच' हा नियम सर्वांच्या अंगी मुरला. पाइप हा युनिक्सचा अलंकार मानतात ते योग्यच आहे. पण त्या अलंकारातले सोने म्हणजे हे शून्य क्रमांकाचे दार होय, असे माझे मत आहे.

आता दाराबाहेर प्रत्यक्ष मनुष्य बसलेला असतो तेव्हा काय घडते ते पाहू. त्या काळी मनुष्य टेलिटाइपवर बसे. हे यंत्र तारघरातल्या यंत्राच्या कुळातले. त्याला पडदा नव्हता, कागदाची गुंडाळी होती, आणि मॉडेल ३३ या प्रसिद्ध जातीच्या टेलिटाइपची गती सेकंदाला दहा अक्षरे एवढीच होती. एकाच संगणकावर अशी अनेक यंत्रे जोडलेली असत, आणि प्रत्येकाने दाबलेल्या प्रत्येक कळीसरशी त्याचा प्रोग्रॅम जागा करायचा तर संगणकाचा बराचसा वेळ या जागे करण्या-निजवण्यातच गेला असता. म्हणून कर्नलने मध्ये एक कारकून बसवला. मनुष्य टाइप करतो ती अक्षरे हा कारकून आपल्याजवळ साठवतो, आणि ओळ संपल्याची कळ दाबली गेली म्हणजे संपूर्ण ओळ एकदम प्रोग्रॅमच्या हवाली करतो. यात दुसरीही एक सोय आपोआप साधली. ओळ अजून हवाली झालेली नाही तोवर मनुष्याला तीत दुरुस्ती करता येते. कागदावर उमटलेले अक्षर पुसता येत नसल्यामुळे आरंभीच्या युनिक्समध्ये '#' हे चिन्ह टाइप केले की मागचे एक अक्षर रद्द समजावे आणि '@' टाइप केले की सबंध ओळ रद्द समजावी, असा संकेत होता; कागदावर सारी खाडाखोड जशीच्या तशी राही, प्रोग्रॅमला मात्र स्वच्छ ओळ मिळे. हे '@' पुढे विद्युत्पत्रांच्या पत्त्यांत जाऊन बसले, आणि जुन्या यंत्रावर पत्ता टाइप करता करता ओळच नाहीशी होण्याचा मनस्ताप काही काळ लोकांनी भोगला.

तो कारकून अजून कामावर आहे. टेलिटाइप गेले, पडदे आले, पडद्यांच्या आत खिडक्या आल्या. तरी आजच्या लिनक्समधील काळ्या खिडकीत आपण काही टाइप करतो तेव्हा तीच ओळ साठवण्याची रीत चालू असते, आणि खिडकीचे यंत्रनाव सांगणाऱ्या 'टीटीवाय' या आज्ञेतील अक्षरे टेलिटाइपचीच आहेत. त्याच्या वहीच्या पानाला मर्यादाही आहे: लिनक्सवर एका ओळीत, शेवटची खूण धरून, ४,०९६ बाइटांपेक्षा अधिक मावत नाही, आणि त्यापलीकडे टाइप केलेले किंवा चिकटवलेले सारे तो मुकाट्याने फेकून देतो. ही गोष्ट ठाऊक नसलेल्या माणसाने दुसरीकडून उचललेली एखादी अजस्र ओळ खिडकीत चिकटवावी आणि आपल्या प्रोग्रॅममध्ये चूक शोधत रात्र घालवावी, असे प्रसंग विरळ नाहीत.

ओळीचा शेवट असा ठरला. साऱ्या मजकुराचा शेवट कसा ठरावा? फाइल वाचताना हा प्रश्न येत नाही, कारण तिची लांबी कर्नलला माहीत असते. टाइप करणारा मनुष्य मात्र अनंतकाळ बसून राहू शकतो, आणि त्याने 'माझे झाले' असे कसे कळवावे? त्यासाठी कंट्रोल आणि डी या कळा एकत्र दाबाव्यात, असे ठरले. या जोडकळीविषयी एक गैरसमज सार्वत्रिक आहे; तो असा की तिच्यामुळे 'समाप्त' अशा अर्थाचे एखादे अक्षर प्रोग्रॅमपर्यंत जाते. तसे कोणतेही अक्षर जात नाही. कंट्रोल-डी हा त्या मधल्या कारकुनाला दिलेला हुकूम आहे: तुझ्याजवळ आत्ता जेवढे साठले असेल तेवढे, ओळ पुरी झालेली असो वा नसो, पुढे पाठव. ओळीच्या आरंभीच हा हुकूम दिला तर साठलेले काहीच नसते, म्हणून शून्य बाइट पुढे जातात. आणि वाचायला गेलेल्याच्या हाती शून्य बाइट आले म्हणजे मजकूर संपला, हा कर्नल आणि प्रोग्रॅम यांच्यातला करार आहे. त्यामुळेच ओळीच्या मध्यावर असताना कंट्रोल-डी दोनदा दाबावे लागते: पहिल्या वेळी अर्धवट ओळ पुढे जाते, दुसऱ्या वेळी मागे काहीच उरलेले नसते. शून्याला 'काही नाही' आणि 'आता काही येणारही नाही' असे दोन्ही अर्थ एकाच वेळी देणारी ही योजना मला अत्यंत रम्य वाटते.

सी भाषेत मात्र या शून्याचे रूपांतर उणे एकात झाले, आणि त्यात एक सापळा निर्माण झाला. एकेका अक्षरासाठी कर्नलचा दरवाजा ठोठावणे महागात पडते, म्हणून सीच्या लायब्ररीने स्वतःजवळ आणखी एक साठा ठेवला. कर्नलकडून एकदम काही शे किंवा काही हजार बाइट आणायचे आणि मागेल त्याला त्यातून एकेक द्यायचा, ही तिची रीत. 'गेटचार' हे फंक्शन असा एक बाइट काढून देते. बाइटाचे संभाव्य मूल्य ० ते २५५, आणि त्यातले कोणतेही मजकुरात खरोखर येऊ शकते. मग मजकूर संपला हे सांगायला २५७ वे मूल्य आणायचे कोठून? उपाय असा केला की 'गेटचार'ने अक्षराऐवजी पूर्णांक परत द्यावा, आणि शेवट कळवण्यासाठी ईओएफ नावाचे, प्रायः उणे एक असलेले, ऋण मूल्य वापरावे. कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ सालच्या सुप्रसिद्ध पुस्तकात, आलेला मजकूर जसाच्या तसा पलीकडे उतरवून देणारा चिमुकला प्रोग्रॅम आहे, त्यातही हे मूल्य ठेवण्यासाठी पूर्णांकाचेच पात्र घेतले आहे, आणि का घेतले ते तेथेच समजावले आहे. तरीही नवशिके, आणि अनेकदा जुनेजाणतेही, अक्षर वाचायचे म्हणून अक्षराचेच पात्र घेतात. मग काय होते ते यंत्राच्या जातीवर अवलंबून असते. ज्या यंत्रावर अक्षराला ऋण मूल्य धारण करता येते, तेथे मजकुरात २५५ मूल्याचा एखादा बाइट आला की प्रोग्रॅमला तो शेवटच वाटतो आणि उरलेली फाइल न वाचताच तो समाधानाने थांबतो. ज्या यंत्रावर ते धारण करता येत नाही, तेथे उणे एकाची तुलना कधीच जुळत नाही आणि प्रोग्रॅम थांबतच नाही.

मी स्वतः या दाराशी पहिल्यांदा अडखळलो तो 'स्कॅनएफ' या फंक्शनपायी. आमच्या पिढीच्या मराठी मुलांनी सी भाषा बहुधा नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या 'लेट अस सी'वरून आणि टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर शिकली. एका प्रात्यक्षिक परीक्षेत मी असा प्रोग्रॅम लिहिला होता की त्याने गिऱ्हाइकाला आधी एक संख्या विचारावी आणि मग आणखी हिशेब करायचा आहे काय, याचे उत्तर एका अक्षरात घ्यावे. संख्या दिली की दुसरा प्रश्न पडद्यावर उमटे, आणि माझे बोट कळीपर्यंत पोहोचण्याच्या आतच उत्तर मिळाल्याप्रमाणे प्रोग्रॅम गाशा गुंडाळून निघून जाई. परीक्षक माझ्याकडे पाहत, मी पडद्याकडे. कारण पुढे पुष्कळ दिवसांनी कळले. संख्या वाचायला सांगितलेला 'स्कॅनएफ' अंक असतील तेथपर्यंतच वाचतो आणि अंक नसलेले पहिले अक्षर दिसताच ते जागच्या जागी सोडून थांबतो. बेचाळीस या संख्येचे दोन अंक त्याने उचलले. त्यांच्यामागे मी दाबलेल्या एंटर कळीची खूण दारातच पडून राहिली. दुसऱ्या प्रश्नाने अक्षर मागितले तेव्हा तीच अक्षर म्हणून त्याच्या हाती पडली. अक्षराच्या मागणीआधी एक मोकळी जागा लिहिली असती तर ती खूण गिळली गेली असती. आमच्यात तेव्हा दुसरेच औषध प्रचलित होते: 'एफफ्लश' हे फंक्शन स्टँडर्ड इनपुटवर चालवायचे. टर्बो सीत ते लागू पडे. भाषेच्या प्रमाण नियमांनुसार मात्र 'एफफ्लश'चे काम जावक रिकामी करण्याचे आहे, आणि आवकेवर ते चालवल्यास काय व्हावे याची कसलीही हमी नियम देत नाहीत. संख्येच्या जागी कोणी 'बेचाळीस' असे अक्षरांत लिहिले तर दशा आणखी बिकट होते, कारण 'स्कॅनएफ' त्यातले काहीच उचलत नाही, तोच शब्द दारात तसाच राहतो, आणि फेऱ्यात लिहिलेला प्रोग्रॅम तोच तो शब्द पुनःपुन्हा पाहून पडदाभर तक्रारी छापत सुटतो.

या साऱ्या फसगती अखेर घरातल्या घरात निस्तरण्याजोग्या आहेत. चारचौघांत ज्याची चर्चा झाली ते प्रकरण 'गेट्स' या फंक्शनचे. ओळ वाचून द्यायची, एवढेच त्याचे काम. वापरणाऱ्याने मजकूर ठेवण्याच्या जागेचा पत्ता द्यायचा. 'गेट्स'ने ओळ संपेपर्यंत येणारा प्रत्येक बाइट त्या पत्त्यापासून पुढे ओळीने मांडत जायचे. जागा केवढी आहे हे त्याला सांगण्याची तरतूदच त्याच्या व्याख्येत नव्हती. ओळ जागेपेक्षा लांब निघाली तर उरलेले बाइट शेजारच्या स्मृतीवर पसरत, आणि तेथे जे काही असेल ते पुसले जाई. ज्या खोलीत सारेच एकमेकांना ओळखत होते, प्रोग्रॅम लिहिणारा आणि टाइप करणारा बहुधा एकच मनुष्य असे, त्या खोलीत ही ढिलाई कोणाला खटकली नाही, आणि त्याबद्दल त्या मंडळींना दोष देण्यास मी धजणार नाही.

पण मघा जो गुण म्हणून गौरवला, की आपला मजकूर कोठून येतो हे प्रोग्रॅमला कळत नाही, त्याच गुणाने येथे घात केला. बर्कली विद्यापीठातील युनिक्समध्ये 'फिंगर' नावाची एक सेवा होती. दुसऱ्या गावच्या यंत्रावर कोण कोण काम करीत आहे याची चौकशी तिच्यामार्फत करता येई. चौकशी आली की एक द्वारपाल प्रोग्रॅम तिचे शून्य क्रमांकाचे दार थेट संगणकांच्या जाळ्याशी जोडून देई आणि तिला जागे करी. ती सेवा आपल्या परीने स्टँडर्ड इनपुटवरून एक ओळ वाचत होती, 'गेट्स' वापरून, ५१२ बाइटांच्या जागेत. दाराबाहेर शेजारच्या टेबलावरचा सहकारी आहे की साऱ्या जगातला कोणीही आहे, हे तिला ठाऊक असण्याचे कारणच नव्हते. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने एमआयटीच्या यंत्रावरून एक स्वतःच स्वतःच्या प्रती पसरवणारा प्रोग्रॅम जाळ्यात सोडला. त्याच्या शिरकावाच्या अनेक वाटांपैकी एक ही होती. तो फिंगर सेवेला ५३६ बाइटांची ओळ पाठवी. पाचशे बारा जागेत बसत, उरलेले चोवीस स्टॅकवरील पुढच्या मजकुरावर चढत, आणि तेथेच, फंक्शन संपल्यावर परत कोठे जायचे, तो पत्ता लिहिलेला असे. पत्ता बदलला की परतणारा प्रोग्रॅम घरी जाण्याऐवजी त्याच ओळीत दडवून पाठवलेल्या सूचनांकडे जाई, आणि परक्याच्या हाती आज्ञा देण्याचा अधिकार येई. व्हॅक्स जातीच्या यंत्रांवर हे साधे; सन कंपनीच्या यंत्रांची रचना निराळी असल्याने तेथे ती सेवा नुसती कोसळे.

सुमारे ६,००० यंत्रे बाधित झाली असा अंदाज तेव्हा केला गेला आणि तोच आकडा पुढे रूढ झाला. त्या काळच्या सबंध जाळ्याचा तो सुमारे दहावा हिस्सा मानतात. मॉरिसवर खटला झाला, १९९० साली त्याला तीन वर्षांची सशर्त मोकळीक, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. योगायोग असा की त्याचे वडील रॉबर्ट मॉरिस हे बेल प्रयोगशाळेत युनिक्सच्याच कामावर राहिलेले गृहस्थ होते आणि त्या वेळी ते अमेरिकी सरकारच्या संगणक-सुरक्षा केंद्रात मोठ्या हुद्द्यावर होते. 'गेट्स' मात्र या घटनेनंतरही दोन दशकांहून अधिक काळ सीच्या प्रमाण ग्रंथात सुखेनैव नांदले. ते वापरणाऱ्यास लिंकर ताकीद देई, शिक्षक देत, पुस्तके देत. पण जुन्या प्रोग्रॅमांचा मुलाहिजा राखायचा म्हणून त्याला काढून टाकण्याचा हुकूम निघाला तो थेट २०११ सालच्या आवृत्तीत.

त्याच्या जागी घ्यावयाचे 'एफगेट्स' पहिल्यापासूनच हजर होते. त्याला पत्त्याबरोबर जागेची लांबी सांगावी लागते. तो लांबीपेक्षा एक कमी इतकेच बाइट घेतो आणि शेवटच्या घरात मजकूर संपल्याचा शून्य बाइट ठेवतो. ओळ संपल्याची खूणही तो मजकुराबरोबरच देतो, आणि याचा नवशिक्याला फार त्रास वाटतो, कारण नाव छापायला जावे तर नावापाठोपाठ पडद्यावर ओळही तुटते. माझ्या मते ती खूण म्हणजे पोचपावती आहे. ती मजकुराच्या शेवटी दिसली तर ओळ अखंड मिळाली. दिसली नाही तर जागा अपुरी पडली आणि राहिलेला भाग अजून दारात आहे, किंवा शेवटची ओळ खुणेवाचूनच संपली. 'गेट्स' ही खूण स्वतःच फेकून देई, म्हणजे पावतीही फाडून टाकी.

रस्ट ही भाषा मोझिलातील ग्रेडन होर यांनी २००६ साली खाजगी हौस म्हणून आरंभली, २००९ पासून मोझिलाने तिला आश्रय दिला, आणि तिची पहिली स्थिर आवृत्ती १५ मे २०१५ रोजी प्रसिद्ध झाली. तिच्या अधिकृत पुस्तकाच्या दुसऱ्याच प्रकरणात संख्या ओळखण्याचा एक खेळ लिहायला दिला आहे, म्हणजे विद्यार्थ्याला या दाराशी आरंभीच उभे केले आहे. तेथे 'रीड लाइन'ला मजकूर ठेवण्यासाठी स्ट्रिंग द्यावी लागते, आणि ती बदलण्याची मुभा आपण देत आहोत हे शब्दांत लिहून द्यावे लागते. ही स्ट्रिंग मजकुराबरोबर वाढत जाते, म्हणून शेजाऱ्याच्या स्मृतीवर पसरण्याचा प्रश्नच येत नाही. वाचून झाल्यावर जे परत येते ते सरळ उत्तर नसून बंद लिफाफा असतो. आत किती बाइट वाचले तो आकडा तरी असतो किंवा चूक तरी, आणि लिफाफा न उघडता टाकून दिला तर कंपायलर हटकतो. आकडा शून्य निघाला म्हणजे मजकूर संपला: टेलिटाइपच्या काळातला तो करार येथे उणे एकाच्या वेषांतरावाचून, मूळ रूपात परत आलेला दिसतो. ओळ आधी सबंध घ्यायची, मग कडेच्या मोकळ्या जागा छाटायच्या, मग तीत संख्या आहे काय ते पाहायचे, या क्रमामुळे 'स्कॅनएफ'ची ती अर्धी उचलून अर्धी दारात टाकण्याची खोडही नाहीशी होते.

म्हणून सगळे आलबेल झाले असे मात्र समजू नये. 'रीड लाइन' स्ट्रिंगमधला जुना मजकूर पुसत नाही, नवा त्याच्यामागे जोडतो; फेऱ्यात तीच स्ट्रिंग वापरणाऱ्याने ती रिकामी केली नाही तर दुसऱ्या फेरीत पाच आणि सात मिळून, पाच, ओळीची खूण, सात असे काहीतरी त्याच्या हाती येते, आणि ते संख्या म्हणून कोणी मान्य करीत नाही. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. दाराबाहेरच्याने ओळ संपवलीच नाही तर? स्ट्रिंग वाढत राहील, स्मृती संपेपर्यंत वाढत राहील. शेजाऱ्याचे घर आता सुरक्षित आहे, पण आपलेच घर तुडुंब भरून दारे बंद होण्याची वेळ येते. परक्याकडून वाचताना 'इतके बाइट, याहून अधिक नाही' अशी मर्यादा रस्टमध्येही आपणच घालावी लागते. त्यासाठी 'टेक' नावाची सोय आहे, ती जाणीवपूर्वक वापरावी लागते.

आणि मर्यादा घालायची म्हटली की ती कशात मोजायची, हा प्रश्न येतो, जो रोमन लिपीत लिहिणाऱ्यांना फारसा कधी पडला नाही आणि आपल्याला पडल्यावाचून राहत नाही. यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, काना असो, वेलांटी असो वा हलन्त, तीन बाइट घेते. 'ज्ञानेश्वर' हे नाव घ्या. आपण ते चार अक्षरांचे म्हणू: ज्ञा, ने, श्व, र. रस्टला त्यातली चिन्हे मोजायला सांगितली तर ती दहा सांगते, कारण ज, हलन्त, ञ, काना अशी ती सुटी धरते. लांबी विचारली तर तीस सांगते, कारण तिच्या लेखी लांबी म्हणजे बाइट. कर्नलमधल्या त्या जुन्या कारकुनालाही ही लिपी आधी कळत नव्हती. मागचे अक्षर पुसण्याची कळ दाबली की तो एक बाइट पुसे आणि चिन्हाचे दोन तृतीयांश अवशेष मागे ठेवी. लिनक्समध्ये त्याला यूटीएफ-८ची समज देणारा एक स्वतंत्र खटका पुढे बसवावा लागला, तेव्हा तो सबंध चिन्ह पुसू लागला. अक्षर मात्र अजूनही पुसत नाही, श्वमधला व गेला तरी हलन्तासह श तसाच राहतो.

सीमध्ये कोणी नावासाठी ३२ बाइट राखले आहेत असे समजा. बत्तीस हा सी लिहिणाऱ्यांचा आवडता आकडा आहे. 'ज्ञानेश्वर' टाइप केले तर तीस बाइट नावाचे, एक ओळीच्या खुणेचा आणि एक शेवटच्या शून्याचा, असा हिशेब तंतोतंत जुळतो आणि 'एफगेट्स' पावतीसह सारे हाती देतो. त्याच जागेत 'ज्ञानेश्वरी' टाइप करा. आता तेहतीस बाइट झाले, आणि 'एफगेट्स' एकतीसच घेणार. तीस बाइटांत 'ज्ञानेश्वर' बसते, एकतिसावा बाइट शेवटच्या दीर्घ वेलांटीचा पहिला तुकडा असतो, आणि छापायला गेले तर नावापुढे प्रश्नचिन्हाची काळी चौकट उमटते. वेलांटीचे उरलेले दोन बाइट ओळीची खूण बरोबर घेऊन दारातच थांबलेले असतात, आणि पुढच्या प्रश्नाला, तो गावाचा असो की वयाचा, उत्तर म्हणून तेच आत येतात.